वीतभर अंतर

ताठ मानेनं कसं हरावं हे ज्याला शिकायचं असेल त्यानं बडोद्याला माझ्या आत्याकडे यावं, मात्र येताना हातात दुधी आणू नये. आत्या एके काळची व्यावसायिक गोल्फपटू. आमचे पूर्वज संस्थानच्या पलटणीत होते. त्यांची शिस्त पिढ्यापिढ्यांतून झिरपत आली आणि बहुतेक सगळी एकट्या आत्यात साठली. माझ्या वडिलांच्या वाट्याला फक्त मिशा आल्या. साठी उलटली तरी हाताला लागेल ती लांबट वस्तू दोन्ही हातांत धरून, पायांत अंतर घेऊन ती न दिसणारा चेंडू टोलवते. छत्री, केरसुणी, लाटणं, काही चालतं. माझ्या लग्नात तिनं माझ्या मामाची काठी घेऊन मांडवात दोन फटके मारून दाखवले होते आणि सासऱ्यांचा चष्मा थोडक्यात वाचला होता.

खंडेराव मार्केटात दुधी निवडायची तीही अशीच. नखानं टोचून बघणं तिला मान्य नाही. देठाकडून धरायचा, खांद्यामागे न्यायचा आणि झोकायचा. वजन हाताला बरं लागलं तर दुधी चांगला. भाजीवाल्याला सवय झाली होती, ती दिसली की तो टोमॅटो मागे ओढून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका झोकात तिचा पाय कोबीच्या पानावर पडला आणि डावं मनगट मोडलं. दुखण्यापेक्षा तिला लाज जास्त वाटत होती. कुणी विचारलं तर जिन्यावरून पडली असं सांगायचं, अशी तिनं मला शपथ घातली.

ज्या एका बाईला खरं कारण कळू नये असं तिला वाटत होतं, तिला ते संध्याकाळच्या आत कळलं. ही बाई अलकापुरीत राहते. आत्या तिचं नाव कधी घेत नाही, नुसतं ‘अलकापुरी’ म्हणते. दोघी एकाच वर्षी व्यावसायिक झाल्या, तीस वर्षं एकमेकींविरुद्ध खेळल्या आणि तेवढ्या वर्षांत एकीनं दुसरीला एकही पट सोडला नाही. पट म्हणजे होलजवळचा शेवटचा हलका फटका. चेंडू अगदी जवळ असला की समोरचा खेळाडू ‘दिला’ म्हणतो आणि तो आत गेला असं धरतात. सभ्य माणसांची तशी रीतच आहे. पण एकदा आत्याचा चेंडू होलपासून चार बोटांवर असताना अलकापुरी छत्री उघडून मोर बघत उभी राहिली आणि आत्याला वाकून तो मारावा लागला. पुढच्याच होलवर आत्यानं तिच्याकडून तीन बोटांचा मारून घेतला. तर अशी ही अलकापुरी हॉस्पिटलात भेटायला आली ती डबा घेऊन. डब्यात दुधीचा हलवा होता. आत्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं, पण ती गेल्यावर हलवा संपवला.

हात कामापुरता चालेल, गोल्फ विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्या डॉक्टरांनाच विसरली. मनगटात जोर यावा म्हणून ती वर्षभर दोन्ही वेळा सगळ्या घराची कणीक मळत होती, आणि आम्ही इतक्या पोळ्या खाल्ल्या की शेवटी गल्लीतल्या गाईनंही तोंड फिरवलं. लांबचे फटके हळूहळू परत आले. पट मात्र येईना. बैठकीत सतरंजीवर पेला आडवा ठेवून ती चेंडू ढकलायची, ऐन वेळी मनगट थरथरायचं आणि चेंडू पेल्याच्या बाजूनं निघून जायचा. मी बघतोय असं दिसलं की म्हणायची, “सतरंजीला उतार आहे.” मी मान हलवायचो.

गेल्या थंडीत क्लबच्या चषकासाठी दोघी समोरासमोर आल्या. आत्याची बॅग माझ्या खांद्यावर होती. तिसऱ्या होलवर तिचा चेंडू दीड हातावर थांबला. ती वाकली, मनगट थरथरलं, आणि मागून अलकापुरी हळूच म्हणाली, “रहेवा दो, बेन. आप्यो.” म्हणजे राहू दे, दिला. मला वाटलं आता इथे महायुद्ध होणार. पण आत्यानं चेंडू उचलला. त्या दिवशी अलकापुरीनं असे सहा पट सोडले आणि आत्या जिंकली. घरी आल्यावर ती जेवली नाही. “तिनं मला आजारी समजून जिंकवलं रे,” ती म्हणाली. “आणि मी उचलला. सुटले बाई, असं वाटलं मला.” आत्याच्या तोंडून असं काही मी कधीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चषक पिशवीत घालून तिनं मला अलकापुरीकडे पिटाळलं. निरोप असा, की चषक तुझा, येत्या रविवारी पुन्हा खेळू, आणि एक पट जरी दिलास तरी जन्मभर बोलणार नाही. अलकापुरीला मी मासी, म्हणजे मावशी, म्हणतो. मासींनी मला चहा दिला, निरोप ऐकला आणि पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “त्रीस वरस में ए हाथ जोयो छे, भाई. एने ध्रूजतो माराथी न जोवायो.” तीस वर्षं पाहिलेला तो हात थरथरताना त्यांना बघवला नव्हता. दया दाखवायची म्हणून त्यांनी पट सोडले नव्हते.

रविवारी आम्ही तिघंच होतो. शेवटच्या होलपर्यंत बरोबरी झाली आणि आत्याचा चेंडू वीतभरावर येऊन थांबला. गेला तर बरोबरी, नाही तर हार. आत्यानं मान वर करून मासींकडे पाहिलं. मासींनी छत्री उघडली आणि पाठ फिरवून मोर शोधू लागल्या. मोर तिथे एकही नव्हता, पण छत्री हलत होती. आत्या वाकली. मनगट थरथरलं, चेंडू होलच्या काठाला लागला, अर्धा वळला आणि बाहेर राहिला.

आत्या हरली. पलटणीतल्यासारखी ताठ उभी राहिली, टोपी काढली आणि मासींचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडलाच नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, “बघितलंस? वीतभर होता. तरी दिला नाही तिनं.” घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपली.

यंदा मासींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आत्या रोज संध्याकाळी अलकापुरीला जाते आणि त्यांना धरून व्हरांड्यात फेऱ्या घालते. परवा मी सहज विचारलं, आता तरी त्यांना एखादा पट सोडशील ना? आत्यानं हातातला दुधी देठाकडून धरून खांद्यामागे नेला. “तिला मैदानावर येऊ तर दे,” ती म्हणाली. “आली ना, तर एका बोटाचासुद्धा देणार नाही.”