शहाजिऱ्याच्या दोन पुड्या घेऊन रत्नागिरीला

रत्नागिरीला लोक आंब्यांसाठी जातात, नाहीतर समुद्र पाहायला. मी शहाजिऱ्याच्या दोन पुड्या घेऊन गेलो.

कोल्हापुरात माझं मसाल्याच्या जिनसांचं दुकान आहे. मागच्या खोलीत माझी बायको सुमती काळा मसाला करते आणि इतकी वर्षं तो हातोहात खपत आला. गेल्या उन्हाळ्यातला मात्र फसला. रंग होता, तिखटपणा होता, वास नव्हता. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतल्या मास्तरीणबाई, डबा परत घेऊन आल्या तेव्हा मी हसून म्हणालो, "वय झालं हो आता हिचं. हाताची चव उतरली." सुमती दाराआड धने निवडत होती. यंदा चैत्र संपला तरी तिनं माळ्यावरची कढई खाली काढली नाही. विचारलं तर एवढंच म्हणाली, "उतरलेल्या हाताचा मसाला कोण घेणार?"

मास्तरीणबाई मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांचं म्हणणं, मसाल्यात शहाजिऱ्याची चवच लागत नाही. राजिवड्यात त्यांच्या माहेराशेजारी आमिनाचाची राहतात, त्यांना ते कळतं, त्यांना जाऊन विचारा. दोष मालात की हातात, हे एकदाचं ठरवावं म्हणून मी निघालो. खरं सांगायचं तर मनात मी हातावरच ठपका ठेवला होता. तरी मुंबईच्या व्यापाऱ्यानं पोत्यात वर एक आणि तळाला एक भरलं असेल, अशी शंका होती. म्हणून एक पुडी दुकानातल्या बरणीतली घेतली आणि दुसरी पोत्याच्या तळातली.

सकाळची एसटी पकडावी, म्हणजे उजेडी पोचता येतं. तिकीट तीन रुपयांच्या आत येतं. आंबा घाटात गाडी इतकी वळते की रिकाम्या पोटी बसलेल्याला पस्तावा होतो आणि भरल्या पोटी बसलेल्याला जास्त होतो. घाट उतरल्यावर साखरप्याला चहा मिळतो, गोड आणि उकळलेला. देवरूखला जाणारे एक गृहस्थ तिथं उतरता उतरता म्हणाले, "पुडीत काय हाय? शहाजिरा? एवढ्यासाठी एवढ्या लांब आलाव?" त्यांना काय सांगणार? पुढचा रस्ता तांबड्या धुळीचा. पांढरं धोतर नेसून जाऊ नये, मी नेसलो होतो.

मुक्काम बाजाराजवळच्या खानावळीत केला. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी असं जेवण होतं आणि भात मागाल तितका वाढतात. खोलीत डास आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजिवड्यात गेलो. चाचींचे यजमान हसन तांडेल यांनी जन्मभर बसऱ्यापर्यंत गलबतं नेली. आता पडवीत बसून असतात. मास्तरीणबाईंचं नाव सांगताच त्यांनी आत हाक मारली, "अगो, कोल्हापूरचे पावणे आलेत, जिरा दाखवायला!"

चाची साठीच्या, ठेंगण्या, बोलायला तुटक. दोन्ही पुड्या त्यांनी पांढऱ्या फडक्यावर वेगवेगळ्या ओतल्या. फडक्यावर रंग उतरला तर माल रंगवलेला, असं त्या म्हणाल्या. रंग उतरला नाही. दाणा बारीक, काळपट, जरा वाकलेला आणि अंगावर फिकट रेघा असलेला हवा. टपोरा दाणा दिसायला छान, पण त्याला वास बेताचाच. मग एकेका पुडीतले चार दाणे तळहातावर चोळून हुंगले, दाताखाली धरले. आधी तिखट लागून मागाहून गारवा आला पाहिजे, म्हणाल्या.

"ह्या चांगला हाय," तळातल्या पुडीकडे बोट करून त्या म्हणाल्या. "आनि ह्या मेलेला. वायले वायले घेतलाव?"

"नाही, चाची. दोन्ही एकाच पोत्यातले."

त्यांनी पुन्हा हुंगलं. "मंग ह्याचा काय केलाव?"

मी सांगितलं, आणि सांगताना जरा ऐटीतच सांगितलं. गेल्या वर्षी दुकानावर नवे पत्रे घातले. तेव्हापासून मिरच्या, धने, शहाजिरं, सगळं एकदम पत्र्यावर पसरून आठ-आठ दिवस कडक वाळवतो. वाळलं तेवढंच बरणीत भरतो, बाकीचं पोत्यात तसंच असतं. बरणीला कीड म्हणून लागत नाही.

"पत्र्यावर? आठ दिस?" चाचींनी कपाळाला हात लावला. "अवो, मिरचीला ऊन व्हया. शहाजिऱ्याचा वास हाय तोच त्याचा जीव. तो उडवलाव नि मंग पिशवीत काय ऱ्हायला?" आणि मग सहज विचारलं, "घरात बायको हाय ना? ती काय बोलली नाय?"

बोलली होती. पत्र्यावर शिडी लावली त्या सकाळी सुमती खाली उभी राहून म्हणाली होती, "शहाजिरं नका नेऊ वर. ते मी सावलीत ठेवते." मी वरून म्हणालो होतो, "जिन्नस म्हटला की ऊन हवंच. दुकान मी चालवतो." हे मी साफ विसरलो होतो. चाचींच्या पडवीत ते शब्दन् शब्द आठवलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

चाचींनी जेवू घालूनच पाठवलं. पुलावाच्या पातेल्यात तूप तापलं की पातेलं निखाऱ्यावरून खाली घेतात, मग चिमूटभर शहाजिरं चोळून टाकतात, दहा अंक मोजतात आणि तांदूळ घालतात. मसाल्यासाठीही ते विस्तवावर भाजायचं नाही. खोबरं भाजून कढई उतरवली की तिच्या उरल्या उष्णतेवर परतायचं. ठेवायचं काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून, तांदळाच्या कणगीत पुरून. विकत घ्यावं असं मला तिथं काहीच नव्हतं. माल माझ्याच पोत्यात होता.

परतीच्या गाडीत आंब्यांच्या करंड्या इतक्या, की पाय ठेवायला जागा नव्हती. घाट कधी चढलो ते कळलं नाही.

घरी पोचल्यावर सुमतीला सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुझ्या हाताची नव्हती, असं अगदी सरळ म्हणालो. तळातल्या पुडीतले दाणे तिनं चोळले, हुंगले आणि पुडी पुन्हा बांधली.

"मला कशाला सांगता? मला माहीतच होतं," ती म्हणाली. "ज्यांच्यापुढं तेव्हा बोललात, त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई हळद घ्यायला आल्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी हळद तोलायची थांबवली आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, गेल्या वर्षीचा मसाला मी बिघडवला. शहाजिरं मी उन्हात जाळलं. ही नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. हिच्या हाताला नावं ठेवली, ती उगाच ठेवली."

दाराआड सुपाचा आवाज चालला होता तो थांबला. मग आतून सुमती म्हणाली, "हळद देऊन झाली की कढई खाली काढून द्या. मोठी."