केझाया आणि वळणावरचे दगड

बॉस्टनकडच्या आमच्या थॉर्नबरी गावात कुठल्याही घरी जाऊन बसा, बुडाखाली केझायाचंच काम असायचं. खुर्च्यांच्या बैठका ती लव्हाळ्यानं विणायची, आणि अशा विणायची की माणूस जाईल पण बैठक हलणार नाही. आमच्या प्रार्थनाघराचे कारभारी, डीकन लव्हजॉय, स्वर्गाच्या गोष्टी करत, कॅप्टन व्हिटकॉम बंदुकांच्या, पण दोघांचाही भार पेलायचा तो या म्हातारीच्या लव्हाळ्यानं. शिवाय ॲशच्या झाडाच्या पट्ट्या काढून केलेल्या टोपल्या आणि बर्चच्या काड्यांचे खराटे. हे सगळं पाठीवर बांधून ती दारोदार फिरे. लांबून नुसतं टोपल्यांचं चालतं गाठोडं दिसे आणि खाली दोन बारीक पाय.

राहायची ती तळ्याच्या काठी, झाडाच्या साली आणि चटयांच्या झोपडीत. एकटी. तिच्या आजीच्या वेळी तळं, टेकडी, गिरणीचा ओढा, आमच्या प्रार्थनाघराखालची जमीन, सगळं तिच्याच माणसांचं, इथल्या मूळच्या इंडियन लोकांचं. मग आम्ही आलो, आणि इतके सभ्यपणे आलो की दर खेपेला कागदावर सही घेतली. आता तळ्याकाठचा रुमालाएवढा तुकडा उरला होता आणि त्यावरही सरकारनं नेमलेले पालक देखरेख ठेवायचे. साठीच्या बाईला पालक. नवरा फ्रेंचांशी लढायला आमच्या फौजेबरोबर उत्तरेला गेला, तो परत आला नाही. मुलगी झिपोरा घशाच्या साथीत गेली, नऊ वर्षांची. तिची भाषा बोलणारं गावात कुणी उरलं नव्हतं. भांडायचं म्हटलं तरी इंग्रजीत भांडावं लागे, आणि त्या भांडणात तिला चव लागत नसे.

गावातून तळ्याकडे जाताना रस्त्याला वळण आहे. तिथे दगडांचा मोठा ढीग होता, पुरुषभर उंच, दोन बैलगाड्यांएवढा रुंद. केझाया तिथून जाताना प्रत्येक वेळी एक दगड ठेवी आणि पुढे जाई. तिची आई ठेवायची, आजी ठेवायची, त्यांची सगळीच माणसं ठेवायची. आता ठेवणारी ही एकटी. कधी दगड मिळाला नाही, तर मागे ओढ्यापर्यंत जाऊन आणायची, पाठीवर ओझं असलं तरी.

का, हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेली गोष्ट गावाला झोपू देत नाही.

पहिल्यांदा विचारलं ते गिरणीवाल्याच्या बायकोनं, मेहिटबेल टारबॉक्सनं. थंडीचे दिवस होते. खुर्ची विणून झाली होती आणि चुलीजवळून उठून बर्फात जायचं केझायाच्या जिवावर आलं होतं. त्या ढिगाखाली काय आहे गं मावशी, असं मेहिटबेलनं सहज विचारलं. केझायानं जाळाकडे पाहिलं, आणि एका सरदाराला त्याच्याच भावानं कसं मारलं, ते तासभर सांगितलं. गोष्ट चालू असताना तिला कुणी उठवलं नाही. उलट काकवी घातलेले गरम घेवडे मिळाले, आणि सरदार मेला तेव्हा मेहिटबेलनं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावून पुन्हा वाढले.

एकट्या माणसाला आणखी काय हवं असतं? मग प्रत्येक घरी तिनं घर बघून गोष्ट बेतली. डीकनकडे ढिगाखाली पहिला ख्रिस्ती झालेला म्हातारा गुडघे टेकून मेला. कॅप्टनकडे मोहॉक टोळीशी झालेल्या लढाईतले तीस वीर पडले. लोकर कातणारी विधवा, आमची लोकरबाई, प्रेमाच्या गोष्टीत लवकर विरघळायची, तर तिच्याकडे दोन प्रेमी जीव एकमेकांच्या मिठीत गाडले गेले. एकेक गोष्ट दर हिवाळ्यात थोडी वाढायची, म्हणजे चुलीजवळचं बसणंही तेवढंच वाढायचं. आणि चारही घरांनी आपापली गोष्ट गुपित म्हणून जपली. आपल्याला एकट्यालाच सांगितलंय, या समजुतीत प्रत्येक जण खूश होता. पोटात काही न ठरणारं हे गाव एवढी वर्षं गप्प राहिलं, हीच त्यातली खरी अद्भुत गोष्ट.

सतराशे चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात गावाचं डोकं तापलं. इंग्लंडच्या राजानं बॉस्टनचं बंदर बंद केलं होतं. त्याच्या कराचा चहा तर आम्ही आधीच टाकला होता आणि रास्पबेरीच्या पानांचा काढा तोंड वाकडं न करता पीत होतो. मग कॅप्टन व्हिटकॉमनी काढलं की गावाला दारूगोळ्याची कोठी हवी, पक्क्या दगडाची, प्रार्थनाघरापासून लांब. लांब म्हणजे कुठे? वळणावर. आणि दगड? ते तर तिथे आयतेच रचून ठेवलेले.

ही बातमी केझायाला मेहिटबेलनंच दिली. आणि आयुष्यात पहिल्यांदा केझाया टोपल्या न घेता गावात आली. चारही घरी गेली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, सभेत तेवढं ढिगासाठी बोला. चारही घरांनी शब्द दिला. डीकन तर म्हणाले की त्या पवित्र म्हाताऱ्यासाठी ते बोलतीलच. चौघं चार गोष्टी सांगणार, हे तेव्हाच तिच्या लक्षात आलं असणार. पण चार माणसं आपल्या बाजूनं उभी राहणार, हे सुखही तिला नवीन होतं. ती आली तशी तळ्याकडे निघून गेली.

सभा प्रार्थनाघरात भरली. आधी एक लांबलचक ठराव झाला: माणसाच्या मालकीच्या वस्तूला त्याच्या संमतीवाचून कुणी हात लावायचा नाही, मग तो राजा असो की त्याची पार्लमेंट. टाळ्यांनी तावदानं हलली. मग कोठीचा विषय निघाला. अर्जदार म्हणून केझायाला दाराजवळ उभं राहू दिलं होतं.

डीकन उठले आणि गुडघे टेकून मेलेल्या म्हाताऱ्याविषयी बोलले. टारबॉक्स गिरणीवाला मधेच उठून म्हणाला की कसला म्हातारा, तिथे सरदार आहे, भावानं मारलेला. लोकरबाईच्या दिरानं दोन प्रेमी जिवांची बाजू मांडली. शेवटी खुद्द कॅप्टन, ज्यांना दगड हवे होते तेच, नाइलाजानं उठले आणि म्हणाले की वीरांचा मान राखायला हवा हे खरं, पण ते तीस होते आणि दगड सगळ्यांना पुरून उरतील. एवढं होईपर्यंत मागच्या बाकावरचे लोक पोट धरून हसायला लागले होते. कुणीतरी म्हणालं, एवढी गर्दी आपल्या दफनभूमीतही नाही.

चार माणसं तिच्या बाजूनं उभी राहिली, आणि त्या चौघांनीच तिला बुडवलं.

डीकननी दाराकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. "केझाया, देवाच्या घरात उभी आहेस. यातली खरी कुठली?"

"एकही नाही, डीकनसाहेब."

"मग खाली आहे काय?"

"मला माहीत नाही." ती हळू बोलली, तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "आजी ठेवायची, म्हणून मी ठेवते. तिला विचारलं तर म्हणायची, ठेव आणि चल."

"माहीतच नाही, तर एवढ्या गोष्टी कशाला रचल्यास?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं. पण भर सभेत पन्नास पुरुषांपुढे ते कसं सांगणार, की तुमच्या चुलीजवळ बसायला मिळावं म्हणून? हात वर झाले, मोजणी झाली, दगड कोठीला द्यायचे ठरले. टोप्या शोधायची गडबड सुरू झाली, तेव्हा ती पुन्हा बोलली.

"त्यातले माझे आहेत. पन्नास वर्षं मी ठेवलेत. माझे तेवढे मला काढून घेऊ द्या. माझी संमती नाही."

संमती हा शब्द आम्ही तासाभरापूर्वीच इतक्या जोरात वापरला होता की तो अजून भिंतींवरून निघाला नव्हता. कॅप्टननी डीकनकडे पाहिलं, डीकननी छताकडे. शेवटी सभेनं ठरवलं: म्हातारीनं आपले दगड काढून घ्यावेत, मग उरलेले हलवावेत.

सोमवारी सकाळी एल्नेथन पूल नावाचा गाडीवान दोन बैल आणि दगड ओढायची घसरगाडी घेऊन वळणावर पोचला, तर केझाया आधीच बसलेली. एक दगड उचलायची, दोन्ही हातांत फिरवून बघायची, नाही म्हणायची आणि पलीकडे ठेवायची. मग दुसरा. एल्नेथननं तासभर वाट पाहिली, मग बैल सोडले आणि स्वतः गवतावर आडवा झाला. संध्याकाळपर्यंत म्हातारीनं एकही दगड स्वतःचा म्हणून बाजूला काढला नव्हता.

गाव म्हणालं, म्हातारी वेळ काढतेय. पहिल्या दिवशी ते खरंही होतं. तिनं मनाशी धरलं होतं की सरळ बर्फ पडेपर्यंत निवडत बसायचं. पण हात दगडांवर फिरता फिरता दुसऱ्या दिवशी ती खरंच शोधायला लागली. झिपोराला पुरून परत येताना तिनं तळ्यातला एक दगड ठेवला होता, अंड्याएवढा, मधून पांढरी रेघ. तो कुठेही ओळखेन, याची तिला खात्री होती.

मंगळवारी दुपारी तो सापडला. ती तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग आणखी एक सापडला, तसाच, तेवढाच, तशाच रेघेचा. मग तिसरा. बुधवारी उन्हं उतरेपर्यंत तिच्यापुढे सतरा दगड ओळीत मांडलेले होते.

"काय मावशे, सापडला का बाई तुझा?" एल्नेथननं पडल्या पडल्या विचारलं. "का आता पाचवी गोष्ट सांगतेस?"

"यातला एक माझा आहे."

"मग?"

"सोळा कुणाचे तरी आहेत."

एल्नेथन उठून बसला. हा थट्टेखोर माणूस, पण त्यानंही आपली दोन पोरं त्याच घशाच्या साथीत घालवली होती. त्यानं ओळीकडे पाहिलं आणि कुठे बघावं ते न कळून बैलांच्या पाठीवरच्या माशा हाकलायला लागला.

तेवढ्यात कॅप्टन घोड्यावरून आले, घामाघूम. राजाच्या शिपायांनी बॉस्टनजवळच्या कोठारातली बंदुकीची दारू पहाटे उचलून नेली होती, आणि प्रत्येक गाव आपापली दारू लपवायच्या मागे लागलं होतं. कोठी काल हवी होती. ते ओरडलेच, "सतराच्या सतरा घे आणि बाजूला हो!"

"सोळा दुसऱ्यांचे घेऊ, कॅप्टनसाहेब?" केझाया म्हणाली. "त्यांना न विचारता?"

कॅप्टनच्या तोंडाशी खूप काही आलं असावं. पण सभेचा ठराव त्यांच्या स्वतःच्या सहीचा होता, आणि ढिगाचा तिसरा हिस्साही अजून चाळून झाला नव्हता. ते एल्नेथनकडे वळले. सर्वांत जवळ दुसरे दगड कुठे आहेत? कोंडवाड्याचे, एल्नेथन म्हणाला, आणि बैल जुंपायला इतक्या झटपट उठला की तीन दिवसांत त्याला एवढं चपळ कुणी पाहिलं नव्हतं. शनिवारपर्यंत गावाचा कोंडवाडा उभाच्या उभा कोठी होऊन बसला, तोही होता तिथेच, प्रार्थनाघरामागे, म्हणजे कोठी हवी होती त्याच्या नेमकं उलट जागी. मोकाट डुकरांनी त्या शरद ऋतूत डीकनचे सगळे भोपळे खाल्ले. राजाच्या नावानं कुणी इतकं बोललं नसेल, एवढं डीकन डुकरांच्या नावानं बोलले.

ढीग राहिला. केझायानं सतराही दगड परत ठेवले. कुठला कुठे, ते बघितलं नाही.

पण घरं बंद झाली. दारं नाही, दारं उघडायची. टोपली घेतली जायची, मक्याचं पीठ मापून दिलं जायचं, थंडी फार आहे नाही, असंही म्हटलं जायचं. आत ये, एवढंच कुणी म्हणत नव्हतं. खोटं बोलली याचा राग फारसा नव्हता. मेहिटबेलला लागलं होतं ते हे, की लोकरबाईची गोष्ट आपल्यापेक्षा चांगली होती. केझायाचे हिशोब सोपे होते. गोष्ट गेली, चूल गेली. ती तळ्यावर परत जायची आणि आपल्या भाषेत किटलीशी दोन शब्द बोलायची. किटलीला तेवढं कळत असे.

जानेवारीत टारबॉक्सांच्या मोठ्या खुर्चीची बैठक फाटली आणि मेहिटबेलला बोलावणं पाठवावंच लागलं. बाहेर बर्फ गुडघाभर होतं. केझायानं चुलीजवळच्या स्टुलावर बसून बैठक विणली. मेहिटबेलनं न विचारता गरम सायडरचा पेला तिच्याजवळ ठेवला. मग घेवडे ठेवले. मग समोर बसली आणि उवा शोधल्यासारखी विणीचे फेर मोजत राहिली.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "खरं नसलं तर नसू दे. तो सरदार... त्या भावाचं पुढे काय झालं, ते तू कधी सांगितलं नाहीस."

केझायानं जाळाकडे पाहिलं. भावाचं पुढे काय झालं, ते तिच्या जिभेवर तयार होतं. तो वेडा होऊन जंगलात फिरला असता, आणि फिरता फिरता आणखी दोन हिवाळे सहज निघाले असते. खोली ऊबदार होती. बाहेर वारा चिमणीत घुमत होता. मेहिटबेलनं ॲप्रनचं टोक आधीच हातात धरून ठेवलं होतं.

केझायाच्या बोटांना अजून ते सगळे दगड आठवत होते, एकेक, गार आणि जड.

"मला माहीत नाही, बाई," ती म्हणाली.

मेहिटबेलनं उठून पेला उचलला, तो अजून अर्धा भरलेला होता. केझायानं शेवटची गाठ मारली, लव्हाळ्याचे उरलेले तुकडे वेचून चुलीत टाकले आणि खुर्ची सरळ करून ठेवली. टोपल्या पाठीवर बांधताना तिला कुणी थांब म्हटलं नाही. दार तिनं स्वतःच ओढून घेतलं, आत बर्फ येऊ नये म्हणून.