कोरडी ठेवायची बाजू

बुवांचा मृदंग फुटलेला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

बुवा म्हणजे सोनाळ्याचे माझे गुरुजी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली की तो घुमतो. ती किती ओली हवी, हे त्यांनी माझं बोट धरून शिकवलं. आमच्या भजनी मंडळात वाजवणारा गेला की तेरवीपर्यंत, म्हणजे तेराव्या दिवसापर्यंत, त्याच्या मृदंगाला कणीक लावत नाहीत. तेरवीला घरच्या लेकराने ती लावायची, पहिली थाप द्यायची, मग मृदंग मोकळा. तोवर त्यात गेलेल्याचा हात असतो, म्हणतात.

बुवा गेले त्याच आठवड्यात पुण्यात परदेश दौऱ्यासाठी वादकांची निवड होती. माझा मृदंग बसका बोलायचा. बुवांचा मागायला गेलो, तर त्यांची लेक दारात आडवी उभी राहिली.

"काऊन नेऊन राह्यला भाऊ? बाबाचा हात हाये त्याच्यात."

"तेरवीच्या आत आणून देतो."

"तुले वाजवाले येते तं तुह्याच मृदंगावर वाजव ना."

मी नेला. पुण्यात कणीक लावली, निवडला गेलो. तेरवीच्या दिवशी तालीम होती; मृदंग माझ्याकडेच राहिला.

पहिल्याच परदेशी कार्यक्रमात शेवटची सम घेऊन मी दोन्ही हात उचलले. सभागृह गप्प. आणि डाव्या बाजूने एक थाप आली. मऊ, किंचित उशिरा, बुवा द्यायचे तशी. लोकांनी टाळ्या दिल्या त्या तिच्यावर.

पुढे मी तिच्यासाठी जागा सोडायला लागलो. मुलाखतीत लोक तिला माझी शैली म्हणतात. मी मान डोलावतो. वाजवून झालं की मी कणीक खरवडून काढतो. तरी सकाळी मृदंगाची पेटी उघडली की डावी बाजू दमट असते, मधोमध अंगठा दाबल्यासारखा ठसा. माझा अंगठा ठेवून पाहिला. ठसा मोठा आहे.

गेल्या वर्षी बदली द्यायला नवा मृदंग घेऊन सोनाळ्याला गेलो. बुवांच्या लेकीचे केस पिकलेत. तिने नव्याकडे पाहिलंही नाही.

"बाबाचा कुठी हाये?"

"फुटला. विमानाच्या प्रवासात."

तिने पदराने तोंड पुसलं.

"बरं झालं. सुटला मंग बाबा. मी उगाच इतके सालं घोर लावून घेतला."

तिने चहा केला. मी तो पिऊन आलो.

आता ती थाप उशिरा येत नाही. परवा तर माझा हात पडायच्या आधीच आली.

तिच्या बापाचा मृदंग मी तिला देणं लागतो. आणि तो फुटला नव्हता, हे तिच्यासमोर बसून सांगणंही.