फिल्टरवरचा शेंदूर

एखाद्या वर्कशॉपवरून जाताना जळक्या ऑइलचा वास नाकात गेला की ती केस आजही जशीच्या तशी समोर उभी राहते. तशी ती मोठी नव्हती. खून नाही, दरोडा नाही, वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. ज्यांच्यासाठी रात्रंदिवस वणवण केली असे कितीतरी आरोपी मी आता विसरून गेलो आहे, आणि हे एका गाडीच्या इंजिनाचं लचांड मात्र डोक्यातून जात नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तेव्हा मी घोडबंदर रोडच्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. तिथली नोकरी म्हणजे सकाळी ट्रॅफिक, दुपारी सोसायटीतल्या पार्किंगची भांडणं आणि संध्याकाळी पुन्हा ट्रॅफिक. एका दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि बाहेर आरडाओरडा ऐकू आला. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, जरा बाहेर या. एकाच्या तोंडाला काळं फासलंय."

बाहेर पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता. अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा डांबरासारखा काळा, एक डोळा लालभडक. जवळच्याच एका मोठ्या गाड्यांच्या शोरूमचा तो सर्व्हिस मॅनेजर. "सर, दिस इज ॲसॉल्ट. कस्टमरसमोर माझा फेस काळा केला. सीसीटीव्हीत सगळं आहे."

आमचा हवालदार माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, पुढाऱ्यांना फासतात हे माहीत होतं. सर्व्हिस मॅनेजरचा नंबर पहिल्यांदाच लागला."

"गप बस आणि त्याला मेडिकलला पाठव," मी म्हटलं.

ज्याने काळं फासलं तो पळून गेला नव्हता. मॅनेजरच्या मागोमाग स्वतःच चालत ठाण्यात आला होता. बाकावर बसलेला, मनगटापर्यंत हात काळे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला तिशी-पस्तिशीचा माणूस. बापाची होडी होती, ती गेली. मग याने कर्ज काढून गाडी घेतली आणि घोडबंदरच्या एका कंपनीत स्टाफला ने-आण करायला लावली. "हो साहेब, मीच फासलं. लिहा तुम्ही," तो म्हणाला.

"का फासलंस?"

"गाडी गायमुखला बंद पडलेली. ऑइलचा लाल दिवा लागला नि इंजिन जामच झालं. टो करून यांच्याकडे आणली. गाडी वॉरंटीत आहे साहेब. हे बोलले, वॉरंटी नाय मिळणार, तू बाहेरचं घाण ऑइल टाकलंस, आत गाळ झालाय. मी बाहेर बॉनेटपण उघडलेलं नाय. दर सर्व्हिसिंग यांच्याकडेच, बिलं आहेत. तरी हा ट्रेमध्ये तो गाळ घेऊन आला नि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलला, 'तुम्ही लोक इंजिनात मासळीचं तेल घालता काय?' मग माझं डोकं फिरलं. तोच गाळ घेतला नि थोबाडाला लावला त्याच्या."

ऐकून मला वाईट वाटलं, पण कायद्याला वाईट वाटत नाही. सीसीटीव्ही होतं, साक्षीदार होते, डोळ्याला इजा झाल्याचा दाखला आला. फिर्याद नोंदवावीच लागली. खरी गोची पुढेच होती. कंपनीत गाडी चालवणाऱ्यांना पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते, आणि या माणसाच्या पडताळणीचा कागद नेमका माझ्याच टेबलावर सहीसाठी पडलेला होता. गुन्हा लागला की प्रतिकूल शेरा. शेरा लागला की कंपनी गाडी बंद करणार, गाडी बंद तर हप्ता बंद, आणि मग बँक गाडी ओढून नेणार. त्याचं सगळं घर त्या एका शेऱ्यावर लटकलं होतं. वर शोरूमच्या मालकाचे फोन चालू. स्वतःचा एक, ओळखीच्या नगरसेवकाचा एक, आणि आमच्याच वरिष्ठांचा एक. "अजून अटक का नाही?" हा सगळ्यांचा सूर.

संध्याकाळी त्याची आई आली. हिरवी चोळी, अंगावर ओढणी, केसात अबोलीचा गजरा, आणि डोळ्यांत पाणी. फाटकातच बसली. मी बाहेर पडताना आडवी आली.

"सायब, माजा पोऱ्या असा नाय वो. मी इंजिनाला शेंदूर लावलेला. होडी होती तवा होडीच्या इंजिनाला लावायची, आता गाडीला लावतंय. दर दसऱ्याला. मग देव कनाला कोपला?"

"आई, देव नाही कोपला, तुमचा मुलगा कोपला. घरी जा, जेवा," असं बोलून मी जीपमध्ये बसलो. दिवसभरात अशी शंभर रडगाणी ऐकावी लागतात. पोलिसाचे कान हळूहळू निबर होतात.

चालकाला नोटीस देऊन सोडलं आणि मॅनेजरचा सविस्तर जबाब घेतला. गडी पक्का तयारीचा. फाइल उघडून एकेक जॉबकार्ड दाखवू लागला. दसऱ्यानंतर गाडीची दोन सर्व्हिसिंग, दोन्ही वेळा ऑइल बदललं, फिल्टर बदलला, खाली गिऱ्हाइकाची सही. "आमचं काम क्लीन आहे सर. गाळ झाला म्हणजे मधल्या काळात त्याने बाहेर काहीतरी केलंय." कागदावर त्याचं म्हणणं बिनचूक होतं. मला मात्र एक गोष्ट खटकली. ज्याच्या डोळ्याला इजा झाली तो माणूस डोळ्यापेक्षा इंजिनाबद्दलच जास्त बोलत होता. तक्रारदार असा वागायला लागला की मी पेन खाली ठेवतो आणि त्याचं तोंड बघत बसतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. बाईचा आवाज, घाबरलेला. "सर, ती कोळीवाड्याची गाडी आहे ना, ती आज दुपारी क्रेनने भिवंडीच्या गोडाऊनला नेतायत. तिकडे इंजिन पूर्ण उघडणार आहेत. त्याच्या आधी काय ते बघा." नाव विचारलं, तर फोन बंद. मागे शोरूमची ती ठरावीक ट्यूं-ट्यूं धून वाजत होती, त्यामुळे फोन कुठून आला हे विचारायची गरज पडली नाही. मी ती बाई कोण, हे नंतरही शोधलं नाही. असल्या माणसांच्या जिवावर आमचं निम्मं खातं चालतं, त्यांना निदान सुखाने नोकरी तरी करू द्यावी.

गाडी हा गुन्ह्याच्या घटनास्थळाचाच भाग, म्हणून पंचनामा करायचा अधिकार मला होताच. दोन पंच घेतले, आरटीओतून मोटार वाहन निरीक्षक बोलावला आणि पोचलो. क्रेन खरंच उभी होती. मॅनेजरचा चेहरा परत काळा पडला, या वेळी कोणी न फासता.

"सर, मारामारीच्या केसमध्ये गाडीचा काय संबंध?"

"तोंडाला जे फासलं ते यातूनच आलं ना? मग नमुना घ्यायला नको?" मी म्हटलं.

इंजिनाचं वरचं झाकण त्यांनी आधीच काढलेलं होतं. आत बघून मोटार निरीक्षक "अरे बापरे!" म्हणाला. पिठल्याच्या तळाला करपलेला थर बसतो तसा काळा गाळ सगळीकडे चिकटलेला. "साहेब, हे एका सर्व्हिसिंगचं काम नाही. तेल बरेच महिने बदललेलंच नाही. पण कोणी बदललं नाही, हे या गाळावरून सांगता येणार नाही." तेच तर हवं होतं, आणि तेच मिळत नव्हतं.

हवालदार टॉर्च मारत होता. "साहेब, हे लाल काय आहे?"

इंजिनाच्या पुढच्या बाजूला, हात घातला तर सहज पोचेल असा ऑइल फिल्टर होता. छोट्या डब्याएवढा. त्याच्या अंगावर धूळ आणि तेलाचा काळपट पापुद्रा. निरीक्षकाने फडक्याने तो पुसला, आणि खालून पाच ठिपके निघाले. बोटांचे. तेलात कालवलेला शेंदूर, दगडासारखा घट्ट बसलेला. डब्यावरचे छापील आकडे पुसून गेले होते, शेंदूर नव्हता गेला.

फाटकात बसलेली ती म्हातारी आठवली. "मी शेंदूर लावलेला, दर दसऱ्याला." दसऱ्यानंतर फिल्टर दोनदा बदलला असं बिल सांगतं. मग दसऱ्याचा शेंदूर या फिल्टरवर कसा?

मी मॅनेजरला जवळ बोलावलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "हे आत्ता कोणीतरी लावलं असेल."

"गाडी आल्यापासून तुमच्या कुलपात आहे. तुम्ही लावलात का?"

फिल्टर सीलबंद केला आणि गाडीसकट मुद्देमालात घेतला. मग चालकाला विचारलं, तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आई विचारत होती, तेल पितो तो भाग कुठला? मी फिल्टर दाखवला. तिने पाचही बोटं उमटवली. मी हसलेलो तेव्हा तिला."

आता ज्याने गाडीचं काम केलं तो मेकॅनिक हवा होता. डोंबिवलीच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सासुरवाडीला गेला, खडवलीला. हवालदार जाऊन घेऊन आला. बायको-पोरांचा माणूस, चोर वाटावा असा नव्हता. येताना रडतच आला होता.

माझी एक पद्धत होती. ज्याने गुन्हा केलाय त्याला गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही, त्याच्या कामाबद्दल विचारायचं. माणूस स्वतःच्या कामाबद्दल खोटं बोलायला लागला की अडखळतोच. त्याला चहा दिला आणि म्हटलं, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. ऑइल बदलतात कसं, नीट सांग."

तो सांगू लागला. गाडी लिफ्टवर, खालचा बोल्ट काढायचा, जुनं तेल गळू द्यायचं, जुना फिल्टर पान्याने सैल करून हाताने काढायचा, नव्याला रबरावर बोटाने तेल लावून हातानेच आवळायचा. झकास सांगितलं.

"म्हणजे जुना फिल्टर हातात येतो?"

"येतोच ना साहेब."

"मग दोनदा हातात आला तेव्हा शेंदूर नाही दिसला तुला?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हातात आलाच नाय साहेब. काढलाच नाय कधी." एकदा बांध फुटला की पाणी थांबत नाही. वरून, मॅनेजरचाच, हुकूम होता. ज्यांच्या गाड्या वॉरंटीत आहेत आणि जे बॉनेट उघडत नाहीत, त्यांची गाडी फक्त धुवायची, वरून थोडं तेल टाकायचं, सीटवर नवं प्लास्टिक, स्टिअरिंगवर कागद. ठरलेल्या वेळात ठरलेल्या गाड्या बाहेर पडल्या पाहिजेत. वाचलेले ऑइलचे डबे मागच्या दाराने विकायला जात. "आणि बॉनेट बाहेर उघडलं तर वॉरंटी जाते, असं आम्हीच सांगायचो. म्हणजे कोण बघणार?"

चोर तो चोर, वर शिरजोर! चालकाच्या तक्रारीवरून मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, मॅनेजरला अटक केली. त्या दिवशी मी बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवलो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

आठवडाभराने चालक आला, सोबत शोरूमचा वकील. तडजोड अशी ठरली होती: नवं इंजिन फुकट, जोडीला मारामारीची फिर्याद मागे, आणि बदल्यात याने फसवणुकीची तक्रार सोडायची. वर एक अट. चालकाने मॅनेजरची लेखी माफी मागायची, काळं फासल्याबद्दल.

मी त्याला केबिनमध्ये एकटा घेतला. "अरे, तुझ्या हातात पक्का पुरावा आहे. तुझ्यासारख्या कितीजणांच्या गाड्या अशा गेल्या असतील."

"माहितेय साहेब. पण केस किती वर्षं चालणार? तोपर्यंत गाडी तुमच्या आवारात गंजणार. माझा शेरा? चोर ते, नि माफी मी मागायची. पण मागतो. पोराची फी भरायचीय." त्याने माफीनाम्यावर सही केली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती म्हण ज्याने केली त्याच्या पोटाला चिमटा बसला असणार.

दोन्ही प्रकरणं कोर्टात तडजोडीने मिटली. पडताळणीच्या कागदावर मी स्वच्छ सही केली. मेकॅनिकची नोकरी गेली. मॅनेजर दुसऱ्या शोरूमला लागला, बढती मिळाल्याचंही कानावर आलं.

पुढच्या दसऱ्याला कोळीवाड्यात बंदोबस्त होता. गल्लीत त्याची गाडी दिसली. पुढे झेंडूचं तोरण, काचेवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. म्हातारी ओट्यावर बसलेली. मला बघून उठली, पेढा दिला. मी सहज विचारलं, "काय आई, नव्या इंजिनाला शेंदूर लावला की नाही?"

"नाय लावला सायब." तिने शांतपणे पदराला हात पुसले. "गेल्या टायमाला देवानी साक्ष दिली, आन् तुमी मान्सांनी ती मिटवून टाकली. परत परत कनाला बोलवू त्याला?"

पेढा तोंडात तसाच राहिला. पोरगा मागून म्हणाला, "अगं आये, साहेबांना काय बोलतेस," आणि मला म्हणाला, "साहेब, चहा टाकतो." मी नको म्हटलं आणि पुढच्या गल्लीला निघालो.

या केसने काय शिकवलं म्हणाल, तर एवढंच की पुरावा शोधणं हे पोलिसाचं काम, पण तो पेलणं हे ज्याच्या घरात चूल पेटायची असते त्याच्यावर येतं. त्याला आम्ही काही मदत करत नाही. निवृत्त झाल्यावर मी पण एक गाडी घेतली. सर्व्हिसिंगहून आली की बायको विचारते, "अहो, फिल्टर बदललाय का बघितलंत?" मी म्हणतो, बिलात लिहिलंय. बॉनेट उघडत नाही. उघडलं आणि काही सापडलं, तर पुढे काय करायचं, हे मला आजही ठाऊक नाही.