डाव्या बुटाची हमी

ते रबरी बूट मी घेतले ते बुटांकडे पाहून नव्हे, डब्यातलं कार्ड वाचून. भोरच्या बाजारात छत्र्या, कंदील आणि मेणकापड विकणाऱ्या एका दुकानात ते फळीवर मांडलेले होते. गुडघ्याच्या जरा खाली येणारे, काळे, चकचकीत. कार्डावर मराठीत छापलं होतं, ‘हे बूट एका पावसाळ्यात गळल्यास, दुकानदाराने पाहून खात्री केल्यावर, नवे बदलून मिळतील.’

मी तेव्हा भोरला हायस्कुलात शिकत होतो, पण माझं खरं शिक्षण पत्रकांवर झालं होतं. वेठीविरुद्धची, जंगलातल्या बंदीविरुद्धची पत्रकं पुण्याहून कुणाच्या तरी पिशवीच्या तळातून यायची आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर घड्यांवर फाटलेली असायची. त्यांनी मला शिकवलं होतं की माणसानं शब्द छापून दिला की तो त्याच्याकडून पाळून घेता येतो. कार्डाची दुसरी बाजू इंग्रजीत होती. ती मी मुद्दाम वाचली नाही. मला माझ्या भाषेत सांगितलं आहे, तेवढं पुरे, असा माझा ताठा होता. तो ताठा मला नडला. तरीही तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

बूट हवे होते माझ्या आत्याला. ती तरुणपणीच विधवा होऊन पासलीला आमच्या घरी परतली होती आणि तेव्हापासून गोठा तिच्याकडे होता. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांच्याच पायाला चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटते. आत्याच्या डाव्या पायाच्या चिखल्या दोन वर्षं बऱ्याच झाल्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या शेवटी मी तिला भोरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि तिच्याकडे न बघता मला सांगितलं, “पाय शेणाचिखलापासून कोरडा राहिला तर जखम भरेल. नाही राहिला तर बोट काढावं लागेल. आणि ते एका बोटावर थांबेल असंही नाही.”

गोठ्यात काम करणाऱ्या बाईचा पाय आषाढात कोरडा कसा ठेवायचा, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते मला त्या फळीवर दिसलं.

आत्यानं बूट हातात घेऊन उलटे केले, आत नाक घालून वास घेतला. “मुडद्या, ही काय हत्तीची पावलं आनलीस? बाईमान्सानं ह्ये घालून वाटंनं चालायचं?”

“चालायचं,” मी म्हणालो.

ती चाललीही. पहिल्या दिवशी पाणवठ्यावर शेजारीण तोंडाला पदर लावून म्हणाली, “काय गं, पल्टनीत भरती झालीस व्हय?”

“व्हय,” आत्या म्हणाली. “तुजं बी नाव देऊ का? पन तुला तितं बोलायला गावायचं न्हाई हां, नुसतं चालायचं असतं.”

मी समाधानानं भोरला परतलो. श्रावणात घरी गेलो तेव्हा आत्या उंबऱ्याजवळ पाय पसरून बसली होती आणि पायावरचं फडकं पिवळं झालं होतं. डावा बूट पंधरा दिवसांपासून गळत होता. तळ वरच्या रबराला जिथं मिळतो तिथं, करंगळीच्या बाजूला, सांधा उलला होता. बुटात शिरलेलं शेणाचं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. पाय उघडा असता तर निदान धुतला तरी गेला असता. आता तो दिवसभर त्या पाण्यात भिजत होता.

“मला सांगावा का नाही धाडलास?”

“धाडला असता तर शाळा सोडून पळत आला असतास. म्या चिंधी कोंबली हुती.”

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या बैलगाडीत तिला घातलं. बूट मी घोंगडीत गुंडाळले, कार्ड टोपीत ठेवलं. भोरला पोचलो तेव्हा दुपार होती, बाजाराचा दिवस होता आणि दवाखाना उघडायला अवकाश होता. दुकान वाटेवरच होतं. मी आत्याला आधार देऊन दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि घोंगडीतून बूट बाहेर काढले.

“ए, ए, वर नको!” दुकानदार गादीवरूनच ओरडला. “वहाणा खाली.”

“या वहाणा नाहीत. तुम्ही विकलेला माल आहे. गळतोय. बदलून द्या.”

“डब्यात होता तोवर माल होता. पायात गेला की वहाण. वापरलेल्या वहाणेला मी हात लावत नाही. इथं देव आहेत माझे.” खरंच त्याच्या डोक्यावर देवांच्या तसबिरी होत्या, ताजी फुलं घातलेल्या.

मी कार्ड वाचून दाखवलं. ‘दुकानदाराने पाहून खात्री केल्यावर.’

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “हात लावल्याशिवाय मी पाहणार कसा? आणि हात मी लावणार नाही. मग खात्री कसली करू?”

गिऱ्हाइकं हसली. त्यालाही आपलं बोलणं आवडलं असावं, कारण त्यानं ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, म्हणून दाखवलं. मला आठवतं, माझे कान तापले होते. या गावात हजार कामं अशीच अडत होती. अर्ज घेणारा म्हणे पाहिल्याशिवाय लिहिणार नाही, आणि पाहायला तो जागचा उठत नसे.

“हात लावू नका,” मी म्हणालो. “बसल्या जागेवरून बघा.”

त्याच्याच पत्र्याच्या पन्हाळीतून पावसाचं पाणी रस्त्यावर पडत होतं. मी डावा बूट त्या धारेखाली धरला, काठोकाठ भरला आणि त्याच्या नजरेसमोर उंच धरला. करंगळीच्या जागेवरून पाण्याची बारीक धार सुटली. लोक पुढे सरकले. कोणीतरी म्हणालं, “आरं, ही तर झारी हाय!”

दुकानदार मान पुढे काढून बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला.

“खाली सांडलेल्या पाण्यावर तवंग कसला आलाय? करंजेलाचा वास येतोय मला इथपर्यंत. तेल लावलंत बुटांना?”

“थेंबसुद्धा नाही,” मी म्हणालो.

मला काहीच माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. पण तो विचारतो आहे म्हणजे ‘नाही’ म्हणणंच आपल्या फायद्याचं, एवढं मला त्या क्षणी कळलं आणि मी छातीठोकपणे खोटं बोललो. खोट्या पंचनाम्यांवरची पत्रकं ज्यानं पाठ केली होती, त्यानं.

“पाजलं की,” पायरीवरून आत्या म्हणाली. “लावलं न्हाई, चांगलं पाजलं. आनल्या दिवशी दोन येळा आन् मंग दर आयतवारी. नव्या वहानंला त्याल न्हाई पाजायचं तर काय करायचं?”

ती काही वेगळं सांगत नव्हती. आमच्याकडे नवी वहाण घरात आली की आधी तिला तेल पाजतात. चामडं मऊ होतं, पाणी धरत नाही. तिनं मी आणलेल्या वस्तूची घरच्या रीतीप्रमाणे निगा राखली होती. आणि रबराचं तेलाशी वैर असतं.

“कार्डाची मागची बाजू वाच, विद्यार्थी,” दुकानदार म्हणाला. आवाजात आता गोडवा आला होता. “मोठ्यानं वाच.”

मी वाचली. तेल, तूप, चरबी लागल्यास ही हमी रद्द समजावी, असं तिथं इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं. मराठी बाजूला त्यातलं एक अक्षर नव्हतं. मी वाचायला हवं होतं, हे खरं. पण ज्या बाजूनं देतो म्हटलं ती मराठी, आणि ज्या बाजूनं काढून घेतलं ती इंग्रजी, हेही खरं होतं, आणि ते मी तिथंच ओरडून सांगितलं. पासलीच्या बाईला कुणी वाचून दाखवायचं हे? विकताना तुम्ही तोंडानं एक शब्द तरी बोललात का? मी बराच वेळ बोललो असेन. माझ्या बोलण्यात ‘जुलूम’ हा शब्द दोनदा तरी आला. लोक ऐकत होते, पण त्यांच्या नजरेत मी खोटं बोलताना पकडला गेलो होतो, आणि मला ते दिसत होतं.

आत्यानं माझं धोतर ओढलं. “गप जरा. त्यो उजवा दे हिकडं. त्यात पानी भर.”

“उजवा कशाला? तो चांगला आहे.”

“म्हनून तर.”

मी उजवा बूट भरून धरला. एक थेंब गळला नाही.

“शेटजी,” आत्या म्हणाली, “त्याल म्या दोनीला पाजलं. एकाच वाटीतनं. मंग ह्यो का गळत न्हाई? डावा त्यालानं गळला म्हनता, मंग उजव्यानं काय उपास धरला हुता?”

या खेपेला हसणं आमच्या बाजूचं होतं. दुकानदार हसला नाही. तो छताकडे बघत म्हणाला, “कंपनी मुंबईला आहे. पत्र लिहू, उत्तर येईल, मग पाहू.”

“तवर पाय कुजंल. म्या हितंच बसते.” तिनं फडकं सोडलं आणि उघडा पाय पायरीवर आडवा लांब केला. तो पाय मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. छत्री घ्यायला आलेली एक बाई वर चढता चढता थबकली आणि मागे फिरली. तिच्यामागून आणखी एक जण फिरला.

दुकानदार दुष्ट नव्हता. नव्या जोडातला डावा त्यानं आम्हाला दिला आणि कंपनीनं तो भरून दिला नाही, तर उरलेला उजवा एकटा त्याच्या गळ्यात पडणार होता. हे त्यानं बोलूनही दाखवलं. शेवटी त्यानं फळीवरचा तसाच डबा काढला, त्यातला डावा बूट बाहेर घेतला आणि एका कागदावर काहीतरी खरडलं. “दया म्हणून देतो. बाईंचा अंगठा घे यावर.”

मी वाचलं, ‘माझे चुकीने तेल लागून बूट खराब झाला असता मालकांनी मेहेरबानी करून दुसरा दिला.’

“अंगठा मिळणार नाही,” मी म्हणालो. “आम्ही दया मागायला आलो नाही. हक्क मागतोय.”

“हक्क तुजा हाय, पाय माजा हाय,” आत्या म्हणाली. ती आता अंगठा देणार, आणि दिला तर तिला दोष द्यायचा मला काय अधिकार, असं मनात आलं. “काय लिवलंय ते वाच,” ती म्हणाली. मी वाचून दाखवलं.

“ह्ये खोटं हाय. त्याल पाजलं ते म्या आपून हून सांगितलं. बूट त्यानं गळला असं म्या कवा म्हन्लं? खोडा त्ये.”

“बाई, बूट हवाय ना?”

“हवाय की. त्याबिगर म्या हलते कशाला? पन खोट्यावर अंगठा न्हाई. खोडा.”

त्यानं नव्या बुटाकडे पाहिलं, तिच्या पायाकडे पाहिलं, रस्त्यात उभ्या लोकांकडे पाहिलं आणि ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘डावा बूट गळला. बदलून दिला.’ ‘हमीप्रमाणे’ हा शब्द मी त्याला घालायला लावला. त्यासाठी आणखी पाव तास भांडण झालं, पण घातला. आत्यानं अंगठा उठवला. जुना डावा बूट त्यानं काठीनं पायरीवरून खाली ढकलला.

दवाखाना उघडला होता. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, “दहा दिवस आधी का नाही आणलं?” करंगळी त्याच संध्याकाळी काढली. सुदैवानं तेवढ्यावरच थांबलं. तीन आठवड्यांनी आत्या गोठ्यात परतली, बूट घालून. करंगळीच्या रिकाम्या जागी कापूस भरून.

मी दुकानदाराकडे गेलो. कार्डाच्या मराठी बाजूला तेलाचं कलम हातानं लिहा, निदान विकताना तोंडानं सांगा, एवढंच म्हणालो. “गिऱ्हाइकाला घाबरवू काय?” त्यानं विचारलं. मग मी बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहू लागलो. कुणी बुटांचा डबा घेऊन बाहेर पडलं की जायचं, कार्ड मागायचं, मागची बाजू मराठीत वाचून दाखवायची, आणि पेन्सिलीनं तिथं लिहून द्यायचं. दुसऱ्या बाजाराला शिपाई आला. रस्त्यात उभं राहायला बंदी आहे का, असं मी त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. “विचारून येतो,” म्हणून तो गेला. मी उभा राहिलो.

चौथ्या बाजाराला उत्रोलीचा एक म्हातारा बाप्या डबा काखेत मारून उतरला. मी त्याला कलम वाचून दाखवलं. त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं.

“मंग घेऊ का परत करू?”

“घ्या. बूट चांगले आहेत. तेल तेवढं लावू नका. आणि गळले तर कार्ड घेऊन इथं या. मी असेन.”