माठाशेजारचा पासवर्ड

आमच्या ऑफिसात येणाऱ्याला आधी पाणी मिळायचं आणि मग वाय-फायचा पासवर्ड. ही पद्धत माझीच. ओसरीवर माठ आहे. त्याच्या वर भिंतीला एक पुठ्ठा ठोकलेला होता आणि त्यावर मी माझ्या फळ्यावरच्या गोल अक्षरात पासवर्ड लिहून ठेवला होता. उन्हातान्हाची खेड्यावरून आलेली बाई दोन-दोन तास बाकावर बसते, तिच्यासोबत आलेलं माणूस कंटाळून जातं. त्याला पाणी द्यायचं आणि नेट नाही म्हणायचं, हे मला कद्रूपणाचं वाटायचं. कॅमेऱ्याला, कॉम्प्युटरला, सगळ्याला तोच पासवर्ड. या वयात चार-चार शब्द कोण लक्षात ठेवणार?

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून मी देऊळगाव राजात ही लहानशी संस्था सांभाळते. घरात मार खाणाऱ्या, टाकून दिलेल्या बायकांचं ऐकून घ्यायचं, त्यांना वकील, पोलीस, दवाखाना गाठून द्यायचा, एवढंच आमचं काम. दोन खोल्या, एक ओसरी, आणि काम करणारी माणसं दोनच, मी आणि आपा.

आपा म्हणजे आमची समुपदेशक. गावातल्याच मोहल्ल्यात राहते, शिवणकाम करता करता शिकली. येणाऱ्या बायका तिला आपा म्हणतात म्हणून मीही म्हणते, मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठी असले तरी. तिनं मला फार आधी विचारलं होतं, "बाई, तो पुठ्ठा काढून टाकू का? येनारे जानारे समदेच पाह्यतात."

"पाहू दे," मी म्हटलं. "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? माठ?"

ती हसली आणि कामाला लागली. ते हसू मला मागाहून फार छळणार होतं.

फायरवॉलची टूम काही आमची नव्हे. आम्हाला मदत देणाऱ्यांचं पत्र आलं की बायकांची माहिती तुम्ही कॉम्प्युटरवर ठेवता, तेव्हा फायरवॉल बसवा, आणि कोणती निवडली, का निवडली, ते कळवा. मी चिखलीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं तीन पर्याय मांडले. एक भारीतला डबा, दरवर्षी पैसे भरायचे. एक मधला, लहानसा. आणि तिसरा म्हणजे आमच्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालणारा फुकटचा प्रोग्राम. फुकट ते पौष्टिक, म्हणून मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"थांबा मॅडम," तो म्हणाला. "फायरवॉल म्हंजे गेटावरचा वॉचमन. पन आधी पाहू तर द्या, तुमच्या गेटातून कोन येते न कोन जाते. हा मधला डबा आठ दिवस लावून ठेवतो. मंग निवडा."

बसव बाबा, म्हटलं. माझं लक्ष तिकडे नव्हतंच. त्या दिवसांत एका बाईनं आमची झोप उडवली होती.

ती दर शनिवारी यायची. आमचा बैठकीचा वार शनिवार मुद्दाम ठेवलेला आहे. बालाजीच्या देवळात जाऊन येते म्हटलं की बाईला कुणी अडवत नाही. हिरवी साडी, तोंडाला उन्हासाठी बांधलेला पिवळा स्कार्फ, तोच तिचा ठरलेला वेष. दुसरीतली एक मुलगी. नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, तेही आपाच्याच मोहल्ल्याच्या तोंडाशी. नवरा माझा विद्यार्थी. निबंधात पहिला यायचा. तीन महिन्यांपूर्वी आम्ही त्याला समजावायला बोलावलं, तेव्हा तो माझ्या पाया पडला होता, माठातलं पाणी प्यायला होता आणि पुठ्ठ्याकडे बघून म्हणाला होता, "बाई, तुमचं अक्षर अजून तसंच आहे." मला किती बरं वाटलं होतं!

त्यानंतर ती बाई प्रत्येक शनिवारी इथून घरी गेली की मार खायची. देवळात नाही, संस्थेत गेली होतीस, हे त्याला दर वेळी ठाऊक असायचं. कुणीतरी रस्त्यात बघत असेल, असं आम्ही धरून चाललो. मग एका शनिवारी तिनं ओसरीवरच्या बाकावर बसून आपाला सांगितलं की पोरीचा जन्माचा दाखला आणि स्वतःचं बँकेचं पासबुक तिनं ज्वारीच्या कोठीत लपवलंय, निघायची वेळ आली तर असावं म्हणून. त्याच संध्याकाळी त्यानं ती कोठी अंगणात पालथी केली.

सोमवारी भाजीच्या निमित्तानं ती पाच मिनिटं येऊन गेली. मनगट सुजलेलं. सरळ आत येऊन आपाच्या टेबलापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आपा, म्या तुमालेच तर सांगतलं होतं. दुसऱ्या कोनाले नाही."

ती गेल्यावर मी दार लावलं. आपाला विचारलं, "तू कुणाजवळ बोललीस का?"

"नाही बाई."

"मग त्याला कळलं कसं? ऐकणारी तू एकटीच. आणि त्याचं दुकान तुमच्याच मोहल्ल्यात."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. मी ते लपवणार नाही. तो माझा हुशार विद्यार्थी होता म्हणून त्याची लबाडी मला सुचली नाही, आणि ही त्या मोहल्ल्यातली म्हणून तिच्यावर बोट ठेवायला मला क्षणभरही लागला नाही. आपानं माझ्याकडे बघितलं, कमरेची कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्या कपाटात सगळ्या बायकांचे कागद असतात.

"ठेवून घ्या," ती म्हणाली. "काम करीन, कागदाले हात नाही लावनार."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, फोन घेत राहिली, पाणी भरत राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलली.

बुधवारी चिखलीवाला आठ दिवसांचा हिशोब बघायला आला. डबा स्वतःच्या लॅपटॉपला जोडून काहीबाही उघडलं, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मॅडम, शनिवारी कॅमेरा कोन पाहत होतं?"

ओसरीत दारावर आमचा एक कॅमेरा आहे. दारू पिऊन दमदाटी करायला येणाऱ्या नवऱ्यांसाठी आम्हीच तो लावला होता. मी म्हटलं, "कुणी नाही. मी तर बैठकीत होते."

"मंग अकरापासून दीडपर्यंत सारखं बाहेर चाललंय ते काय हाय? कोनीतरी बसून पाहून राह्यलं. चित्र बी, आवाज बी."

"आवाज?"

"हाव मॅडम. याले कान बी हायेत."

मी हादरले. माझ्या हातात मोबाईल होता, त्यात कॅमेऱ्याचं ॲप. तो म्हणाला, कोणकोणते फोन जोडलेत ते दाखवा. खात्याचं नाव आमच्या पाटीवरचा फोन नंबर, पासवर्ड माठाशेजारचा. यादीत तीन फोन. पहिला माझा, दुसरा आमच्या अध्यक्षांचा. तिसऱ्या ओळीत एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं नाव होतं. माझ्या विद्यार्थ्यानं आपल्या फोनला दुकानाचं नाव दिलेलं, ते बदलायचीसुद्धा गरज त्याला वाटली नव्हती.

मार चुकवायला आलेल्या बायकांवर नजर ठेवायला मीच त्याला खिडकी उघडून दिली होती, वर पाणीही पाजलं होतं. तिथं लोखंडाची भिंत बांधली असती तरी काय उपयोग होता? दार मी स्वतः गोल अक्षरात लिहून ठेवलं होतं.

आपा माझ्या मागं उभी राहून ती तिसरी ओळ वाचत होती. मी तिच्याकडे बघूच शकले नाही. चिखलीवाल्याला म्हटलं, "काढ त्याला. आत्ताच्या आत्ता काढ."

"नका काढू," आपा म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती आपणहून बोलली होती. "आज बंद झालं तर त्याले समजंल का आपल्याले माहीत झालं. आज तो तिलेच धरंल. शनिवार येऊ द्या."

चिखलीवाल्यानं बोट मागं घेतलं. मी किल्ली टेबलाच्या खणातून काढून आपाकडे सरकवली. तिनं ती उचलली नाही. मी ती परत खणात ठेवली. माफीचा शब्द माझ्या ओठापर्यंत आला, पण परक्या माणसासमोर कसा बोलू, असं स्वतःला सांगून मी तो गिळला.

शनिवारी ती बाई आली, नेहमीसारखी बाकावर थोडं बसली आणि मग आम्ही तिला आतल्या खोलीत घेतलं. दार लावून सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, मला शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. ती सुजलेलं मनगट सावरत उठली. मग आपाचा हात धरला, "माफ करजा आपा," म्हणाली. एका दमात म्हणाली. मला चार दिवसांत जमलं नव्हतं ते.

मग तिनं मला विचारलं, "बाई, म्हंजे शनिवारी तो दुकानात बसून हेच पाह्यते?"

"हो."

"म्या जोवर इथं हाय तोवर उठत नाही?"

"डब्यावरून तरी तसंच दिसतंय."

"मंग येत्या शनिवारी बी पाहू द्या त्याले."

फायरवॉल निवडायला निघालेल्या आम्हाला ही बाई भोक आठ दिवस उघडं ठेवायला सांगत होती. तिनं सगळा बेत तिथंच मांडला. शनिवारची सकाळची शाळा. पोरीला शाळेतूनच घ्यायचं, तशीच जालन्याची एसटी गाठायची. जालन्याच्या स्टँडवर भाऊ. फक्त तासभर तो दुकानातून हलायला नको. मी जालन्याच्या ओळखीच्या वकीलबाईंना कळवून ठेवायचं कबूल केलं. पण बाकावर बसणार कोण?

"मी बसते," आपा म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी माझी हिरवी साडी घेऊन गेले. आपानं बाजारातून तसाच पिवळा स्कार्फ आणला होता. बुरख्याशिवाय मी तिला रस्त्यावर कधीच पाहिलं नव्हतं. ती साडी नेसून आपा मागच्या दारानं बाहेर पडली आणि अकराला, डोळे तेवढे उघडे ठेवून, समोरच्या फाटकातून आत आली. बाकावर बसली ती कॅमेऱ्याकडे पाठ करून. त्याला कळलं असतं तर दुकान पाच मिनिटांवर होतं, आणि आधी हात तिच्यावर पडला असता. आत चिखलीवाला लॅपटॉप उघडून बसला होता. त्यानं दारातून मान हलवली. म्हणजे तिकडे दुकानात नवरा बघत होता.

आपाला बोलता येणार नव्हतं, तिचा आवाज त्याला ओळखू आला असता. बोलायचं मला होतं. तीस वर्षं वर्गात बोलले, आणि त्या बाकावर माझी जीभ टाळूला चिकटली. कशी आहेस, पोरगी कशी आहे, अशी दोन-चार वाक्यं विचारली. ती मान हलवायची. मग विचारायलाही काही उरलं नाही. डोक्यावर तो कान टवकारलेला. शांत बसलो तर त्याला संशय येईल. आणि मग माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही," मी म्हटलं. "तू खरं सांगत होतीस. मी दुसऱ्याचं गोड बोलणं खरं मानलं आणि तुला खोटं पाडलं. तू कुठं राहतेस यावरून तुला तोललं. माझं चुकलं गं. फार चुकलं. मला माफ कर."

तो ऐकत होता. आपल्या बायकोलाच बाई हे म्हणताहेत, असं त्याला वाटत असणार. आपाचा हात गुडघ्यावर होता तो हलला नाही. मला रडू आवरेना. मी पदर तोंडाला लावला आणि तिथंच बसून राहिले. चांगला तास गेला.

आत फोन वाजला. मी उठून घेतला. पुरुषाचा आवाज होता, "बाई, ताई आली. पोरगी बी आली." मागं एसटी स्टँडचा गोंधळ ऐकू येत होता. मी चिखलीवाल्याला नुसती मान हलवली. त्यानं बटण दाबलं, तिसरी ओळ गेली, मग कॅमेराच बंद केला. हातासरशी त्यानं विचारलं, "मंग मॅडम, तिघातला कोनता ठेवू?"

"मला काय विचारतोस," मी म्हटलं. "आपाला विचार. तिला पहिल्यापासून कळत होतं."

आपा दारात आली होती. ओसरीवरचा पुठ्ठा खिळ्यांसकट उपटून तिच्या हातात होता. "हाच राहू द्या मधला," ती त्याला म्हणाली. "आन येनाऱ्याचं नेट अल्लग करा, आपलं अल्लग."

तो तारा जोडायला बाहेर गेला. तिनं तोंडावरचा पिवळा स्कार्फ सोडला. घामानं चेहरा डबडबलेला.

"बाई," ती म्हणाली, "ते बाकावर काय म्हनत होत्या, ते आता परत म्हना. आता मले बोलता येते."

मी परत म्हटलं. या वेळी तिच्या तोंडाकडे बघून, आणि मोहल्ल्याचं नाव घेऊन. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही 'जाऊ द्या' म्हणाली नाही. मग हात पुढं केला.

"द्या किल्ली," म्हणाली.