लिफ्टकाकांचा मंगळवार

मी भिंत चढायच्या एका बोल्डरिंग जिमच्या काउंटरवर बसते. म्हणजे लोकांना भाड्याचे बूट देते, ते परत आले की नाक मुरडून त्यांत फवारा मारते, आणि नव्यांना समजावते की इथे दोरी नसते. भिंत उंच नाही, खाली जाड गादी आहे, पडलात तर अंग सैल सोडून पडा. लोक मान डोलावतात आणि ओंडक्यासारखे पडतात.

लिफ्टकाका पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, नातवाला न्यायला आलेत. बासष्टीचे, बुटके, कडक इस्त्रीची पँट. चौतीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत गेली, हे न विचारताच सांगितलं, म्हणून हे नाव पडलं. फॉर्मवर ‘जुनी दुखापत’ या रकान्यात ठळक ‘नाही’ लिहिलं आणि मग उजव्या हाताने डावी बाही ओढून जॅकेट काढलं. स्वारी थापा मारतेय हे तिथेच कळलं. डावा हात कानाच्या वर जात नव्हता. मी फॉर्म फायलीत लावला. म्हातारी माणसं खांद्याबद्दल खोटं बोलतात, तरुण वजनाबद्दल. सगळ्यांना कुठवर पकडणार?

आमच्याकडे सोमवारी सकाळी दार बंद असतं. तेव्हा रूट लावणारी मंडळी भिंतीवर हाताने धरायचे, पाय टेकायचे रंगीत होल्ड बोल्टने आवळतात. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक रूट. खाली एक चिठ्ठी चिकटवतात, त्यावर लावणाऱ्याची खूण. काका मंगळवारी यायचे आणि वाकून चिठ्ठ्या वाचत फिरायचे. तीन टिंबांची खूण दिसली की थांबायचे. बाकी भिंतीकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत.

तिसऱ्या मंगळवारी मी विचारलंच. तीन टिंबं म्हणजे त्यांची मुलगी. शिकली, चांगल्या कंपनीत लागली, आणि एक दिवस ते सोडून हे काम धरलं. काकांनी चार पाहुण्यांसमोर तिला सुनावलं, की भिंतीला खेळण्यातले दगड लावायला एवढं शिकवलं का. ती उठून गेली, ती गेलीच. त्याला तीन वर्षं झाली. तिची आई आधीच गेलेली, त्यामुळे मध्ये पडायला घरात कोणी नाही. खांदा त्यानंतर आखडला. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कोणाला.

“पाना धरायला मीच शिकवलं तिला,” ते म्हणाले. “सहा वर्षांची होती. आता तिचा एक तरी रूट पूर्ण चढतो आणि फोन करतो. नुसती माफी नको. सांगेन, चढून बघितलं, सोपं नाहीये तुझं काम.”

मी म्हटलं, फोन आधी करा, चढा नंतर. पण हट्टी माणूस. त्यातून तिची आठवण इतकी यायची, की होल्डवर हात ठेवून उगाच उभे राहायचे. मग मी बुटांवर जास्तच फवारा मारायची.

कोपऱ्यात तिचा एक जांभळा रूट होता. सात होल्ड. सहा काकांना जमायचे, कारण तीही त्यांच्यासारखीच बुटकी, लांब हातांच्या लोकांसाठी ती लावतच नाही. सातव्यावर गाडी अडायची. शेवटचा होल्ड दोन्ही हातांनी धरून तीन अंक मोजायचे, तरच रूट पूर्ण. उजवा हात पोचायचा, डावा वीतभर खाली राहायचा. चार मंगळवार ते तिथून गादीवर आले. सहा आठवड्यांनी भिंत धुऊन पुसून मोकळी करतात, म्हणजे हातात दोनच मंगळवार उरले होते.

पाचव्या मंगळवारी डावा हात पोचला. मी काउंटर सोडून धावले आणि मोठ्याने तीन अंक मोजले. झालं, उतरा, म्हटलं. ते उतरेनात.

“होल्ड खाली आलाय,” ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले.

मी पाहिलं. जुन्या बोल्टचं भोक वीतभर वर उघडं होतं. एकदा खुला केलेला रूट कोणी मध्येच बदलत नाही. आमच्या धंद्यात ते पाप आहे.

काका खाली आले, गादीवर बसले. “खांद्याचं तुम्ही सांगितलंत?”

“नाही.”

“म्हणजे आली होती. मंगळवारी आली होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून.” त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी म्हटलं, आता फोन करा. ते म्हणाले, फोनवर नको, इथवर येतेय तर समोरच सांगेन.

सोमवारी मी तिला गाठलं. ती म्हणे, होल्ड सैल झाला होता. मी काही काल जन्मलेली नाही. सैल होल्ड जागच्या जागी आवळतात. मी सांगितलं, अगं, वाट बघतायत, एकदा समोर जा. ती बराच वेळ पिशवीत बोल्ट टाकत राहिली.

“नोंदवहीत त्यांचं नाव दिसल्यापासून मंगळवारी येते मी, समोर जायचं म्हणूनच. दारापर्यंत येते,” ती म्हणाली. “ते पडतात, मावशी. ते बघितलं की पाय पुढे पडत नाही. परत जाते.”

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळी आले. दोन होल्ड चढले, मागे वळून दाराकडे पाहिलं आणि हात सुटला. पुन्हा चढले, पुन्हा वळले, पुन्हा पडले. इतके ते आधी कधीच पडले नव्हते. शेवटी मी जाऊन म्हटलं, काका, तिला तुमचं पडणं बघवत नाही, चढताना मागे बघू नका.

“नाही बघितलं तर ती आलेली कळणार कशी?” ते म्हणाले आणि पहिल्या होल्डला हात घातला.